दहापैकी तीन

बी.कॉम. झालेल्या माणसाला चित्रकलेतलं काही कळत नाही, असा एक समज आपल्याकडे आहे. तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही. अपुरा आहे एवढंच म्हणेन. चित्रकलेतलं काही न कळणारी माणसं आर्ट्‌समध्येही आहेत, सायन्समध्येही आहेत आणि चित्रांच्या प्रदर्शनात तर ती फारच मोठ्या संख्येनं असतात. फरक इतकाच, की ती हनुवटीला हात लावून उभी राहतात. कॉमर्सचा माणूस हात खिशात घालतो. पाकीट तिथे असतं ना!

शिवाय माझा एक स्वतंत्र दावा आहे. रेषेकडे बघण्याचा माझ्याइतका सराव भल्याभल्या कलासमीक्षकांना नसेल. बावीस वर्षं मी बँकेत सह्या तपासतो आहे. खरी सही आणि खोटी सही ओळखायची कशी, असं नवी पोरं विचारतात तेव्हा मी सांगतो, आकार बघू नका. आकार खोटी सही करणाराच जास्त चांगला काढतो. खरा सहीवाला नेहमी घाईत असतो. त्याच्या 'देशपांडे'तला 'पां' कधी येतो, कधी येतच नाही. पण शेवटचा फटकारा मात्र दर वेळी त्याच तोऱ्यात येतो. खोटी सही काढलेली असते, खरी केलेली असते. पेन कुठे थबकलं, कुठे शेजारच्या कागदाकडे बघून आलं, ते शाई सांगते. एवढ्या भांडवलावर मी कलासमीक्षेत उतरलो आहे. लोक याहून कमी भांडवलावर उतरलेले मी पाहिले आहेत.

उतरलो म्हणण्यापेक्षा उतरवला गेलो. आम्ही कोराडीचे. कोराडी म्हणजे जगदंबेचं देऊळ, तलाव आणि चिमण्या. उडणाऱ्या नव्हेत, धुराच्या. आमचे भाऊजी वीज केंद्रात नोकरीला. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, मुंबईला सर जे. जे. कला महाविद्यालयात एम.एफ.ए. करत होती. एम.एफ.ए. म्हणजे मास्टर ऑफ फाइन आर्ट्‌स. भाऊजींना 'फाइन' हा शब्द उशिरा भरलेल्या बिलाच्या संदर्भातच माहीत असल्यामुळे या पदवीबद्दल त्यांचं मत पहिल्यापासून सावध होतं. दोन वर्षं संपत आली, प्रदर्शन लागलं, आणि भाऊजी एका रविवारी घरी येऊन बसले.

"भाऊ, तुम्ही एकदा पाहून या नं. पोरगी दोन वर्षं थे काय करून राहिली, आमाले काही समजत नाही. तुम्ही बँकेतले. तुमाले किंमत करता येते."

त्यांच्या खिशात बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेची जाहिरात घडी करून ठेवलेली होती. वयाची अट अठ्ठावीस. मुलगी सव्वीस. म्हणजे मी जे सांगेन त्यावर ती घडी उघडायची की नाही हे ठरणार होतं. घर तारण ठेवण्यापूर्वी बँक जसा मूल्यांकन करणारा माणूस पाठवते, तसा मी विदर्भ एक्सप्रेसनं निघालो.

मुंबईला गाडीतून उतरून चालत गेलं तरी जे. जे. येतं. या नावातला 'सर' हा शिकवणारा सर नव्हे, सरकारनं दिलेला. सर जमशेटजी जीजीभाईंनी १८५३ साली या शाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले आणि २ मार्च १८५७ रोजी वर्ग सुरू झाले. त्या काळचे एक लाख! जमशेटजींच्या संपत्तीत चीनशी केलेल्या अफूच्या व्यापाराचाही मोठा वाटा होता. आज त्यांनी आमच्या शाखेत एवढी रक्कम आणली असती, तर आम्ही आधी केवायसीचे कागद मागितले असते आणि महाराष्ट्राची चित्रकला फॉर्मच्या तिसऱ्या पानावर अडली असती. याच आवारात ३० डिसेंबर १८६५ रोजी रुडयार्ड किपलिंग जन्मला. त्याचे वडील इथे शिल्पकला शिकवत. समोरच्या क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरचे शिल्पपट त्यांचे आहेत. खाली आंब्यांचा भाव करताना वर बघायला सवड झाली तर दिसतात. २०२३ साली शाळेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. शाळेची कीर्ती तिनं कोणाला पदकं दिली यावर आहे तशी कोणाला घालवून दिलं यावरही आहे. १९४५ साली फ्रान्सिस न्यूटन सूझाला इथून काढून टाकलं. दोन वर्षांनी त्यानं मित्रांना जमवून प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुप काढला आणि आता त्या ग्रुपचा उल्लेख केल्याशिवाय भारतीय चित्रकलेवरचं पुस्तक छापत नाहीत.

आम्हा नागपूरकरांना या बाबतीत थोडी कॉलर ताठ करायला जागा आहे. सय्यद हैदर रझा जे. जे.त येण्याआधी नागपूरच्या कलाशाळेत शिकले. वासुदेव गायतोंडे मूळ गोव्याकडचे, पण जन्म नागपूरचा, १९२४ चा. जे. जे.ची पदविका १९४८ ची. वर्षाला मोजकी चित्रं काढणारा हा माणूस. त्यांचं एक चित्र २०१३ साली मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लाखांना गेलं आणि दुसरं एक २०२५ साली ६७ कोटींच्या वर गेलं. ही बातमी भाऊजींनी वाचली होती. किंबहुना पोरीच्या बाजूनं त्यांच्या मनात जे काही शिल्लक होतं, ते या बातमीमुळेच होतं. मी त्यांना हिशेब समजावून सांगितला, की गायतोंडे २००१ मध्ये वारले. चित्र हे असं मुदत ठेवीचं खातं आहे, की ज्यात भरणा एक जण करतो आणि व्याज भलताच घेऊन जातो. भाऊजी म्हणाले, "मंग नॉमिनी कोण लावते?" या प्रश्नाला कलेच्या इतिहासात उत्तर नाही.

तर प्रदर्शन. पहिल्या खोलीत व्यक्तिचित्रं होती. धुरंधरांपासून या शाळेचं हे घरचं दुकान. समोर माणूस बसवायचा आणि काढायचा. एकाच म्हाताऱ्या मॉडेलची सहा विद्यार्थ्यांनी केलेली सहा चित्रं ओळीनं लावली होती, आणि गंमत म्हणजे तो म्हातारा स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून ती बघायला आला होता. माझ्या मते त्या दिवशीचा सर्वांत अधिकारी समीक्षक तोच. पहिल्यापुढे तो म्हणाला, "हा मी." दुसऱ्यापुढे, "हा माझा मोठा भाऊ." तिसऱ्यापुढे, "हा मी, पण पगार झालेला." चौथ्यापाशी न बोलता पुढे गेला. पाचव्यात चेहरा पुरा झालेला, हात मात्र अर्धेच. मांडीवर नुसते दोन तपकिरी गोळे. तिथे तो बराच वेळ थांबला. मीही थांबलो. हुबेहूबपणात ते चित्र तिसरं-चौथं आलं असतं. पण तासन्‌तास न हलता बसलेल्या माणसाचे हात असेच होतात, आपले राहत नाहीत. ते त्या मुलीनं पाहिलं होतं. पहिल्या चित्रातली बोटं बघा, दहाच्या दहा मोजून दिलेली. व्हाउचर चोख, माणूस गैरहजर.

शिल्पांच्या दालनात एकानं जुन्या खतावण्यांचा पुरुषभर उंच ढीग रचून त्यात आरपार भोक पाडलं होतं. लाल कापडी बांधणीच्या, खऱ्याखुऱ्या खतावण्या! कोणत्या तरी बंद पडलेल्या पेढीच्या असाव्यात. भोकातून पलीकडची खिडकी दिसत होती. लोक वाकून खिडकी बघत होते. मी उघड्या पानाची बेरीज करून पाहिली. बरोबर होती. त्या शिल्पाबद्दल इतकंच मी छातीठोकपणे सांगू शकतो. बाकी भोक पाडण्याला माझा विरोध नाही. पेढीला ते आधीच पडलं असणार. पण त्या पोराला खतावणी म्हणजे नुसता लाल रंगाचा ठोकळा वाटला. आत कोणी तरी पन्नास वर्षं, एकाच वळणाच्या अक्षरात, पै-पैचा मेळ घातला होता. त्या अक्षराकडे त्यानं ढुंकूनही पाहिलेलं नव्हतं. माल भारी, वापर विटेसारखा.

एका अंधाऱ्या खोलीत पडद्यावर चौदा मिनिटं एक नळ टपकत होता. पुढे जाऊ.

छापचित्रांच्या खोलीत मात्र मी रमलो. हा धंदा मला फार जवळचा वाटला. जस्ताच्या पत्र्यावर मेणासारखा लेप द्यायचा, त्यावर सुईनं रेघा ओढायच्या, पत्रा ॲसिडमध्ये बुडवायचा. रेघ उघडी पडली असेल तिथे ॲसिड जस्त खातं. मग शाई भरायची, वरची पुसायची, ओला कागद घालून दाबयंत्राखालून काढायचा. अशा ठरावीक प्रती काढतात आणि प्रत्येकीखाली पेन्सिलनं लिहितात, ही किती प्रतींपैकी कितवी. एका चित्राखाली ३/१० लिहिलेलं होतं. माझ्या शेजारचे गृहस्थ हळहळून म्हणाले, "दहापैकी तीनच? एवढं वाईट नाही हो!" प्रती पुऱ्या झाल्या की पत्र्यावर आडवी रेघ मारून तो रद्द करतात, म्हणजे मागाहून कोणी गुपचूप अकरावी काढायला नको. हे ऐकून मला त्या पोरांबद्दल एकदम आदर वाटू लागला. चेकवर दोन रेघा ओढण्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत. कलेच्या प्रांतातही असा एक कोपरा आहे, जिथे माल किती काढला याचा हिशेब मालावरच लिहितात आणि साचा बाद करतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते ३/१० वालं चित्र तळहाताएवढं होतं. रिकाम्या लोकलचा डबा, वर लोंबणाऱ्या कड्या, त्यातली एकच कडी तिरकी. कोणी तरी नुकतंच उतरलं आहे. रेघ कुठे थबकलेली नाही. ॲसिडमध्ये गेलेली रेघ खोडता येत नाही, म्हणूनही असेल.

आता मुख्य तक्रार. प्रत्येक कलाकृतीशेजारी भिंतीवर एक कागद असतो. सगळीकडच्याच प्रदर्शनांत हल्ली तो असतो. त्याला 'स्टेटमेंट' म्हणतात हे ऐकून मी आनंदानं पुढे सरसावलो. आमच्याकडेही स्टेटमेंट असतं; त्यात किती आले, किती गेले आणि किती उरले हे तीन प्रश्न सुटतात. इथल्या स्टेटमेंटमध्ये एकही सुटत नाही. शरीर आणि अवकाश यांच्यातल्या तणावाचा शोध, विस्थापित स्मृतींचं पुनर्वाचन, अशा अर्थाचं इंग्रजी. आमच्या कर्जाच्या अर्जामागे बारीक टायपात अटी छापलेल्या असतात, ज्या कोणी वाचत नाही आणि सगळे मान्य करतात, त्यातलाच हा प्रकार. खोली बदलली, पोरगं बदललं, कागदावरची भाषा तीच. चित्रात निदान वेगवेगळे हात दिसतात. या कागदांवर सगळ्यांनी मिळून एकाच कोणाची तरी सही गिरवली आहे.

याच शाळेत १८९६ साली गणपत म्हात्रे नावाच्या विद्यार्थ्यानं प्लास्टरमध्ये एक पुतळा केला, 'मंदिरपथगामिनी'. नऊवारी नेसलेली बाई देवळाला निघालेली. पोरगा विशीच्या आसपासचा. पुतळा देशभर गाजला. त्याच्याशेजारी कागद लावावा लागला नाही. मी तिचा फोटो पाहिला तेव्हा मला नवरात्रातला आमच्या देवळाचा रस्ता आठवला, चालणं तेच, मान तीच. पण एक गोष्ट न्यायानं सांगितली पाहिजे. म्हात्र्यांची बाई कोण, कुठे निघाली, हे बघणाऱ्या प्रत्येकाला आधीच ठाऊक होतं. आजच्या पोराचं गाव एक, बघणाऱ्याचं दुसरं, परीक्षकाचं तिसरं. त्याला थोडं सांगावं लागणार. माझं म्हणणं, थोडंच सांगा. पासबुकात एका ओळीत मावतं तेवढं.

हे मी भाचीला म्हणालो, तेव्हा आम्ही तिच्या कामासमोर उभे होतो. ती म्हणाली, "मामाजी, पहिले कागद वाचा, मंग पाहा." मी आधी पाहिलं.

एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरी, आणि दोरीवर अकरा कपडे. सगळे राखाडी. जवळ गेलो तर रंग नव्हे, राख. राखाडी रंगाच्या किती छटा असतात हे कोराडीच्या माणसाला शिकवायला नको. कोळसा जळला की राख व्हायचीच. तिच्या विटा होतात, ती सिमेंटात जाते, आणि चिमूटभर कुठे तरी वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते. ज्या कोळशावर घर चालतं त्याची राख झटकून आम्ही कपडे घडी करतो. पोरीनं झटकली नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत गच्चीवर कपडे घालून ते तसेच राहू दिले होते, आणि कोळशानं काढलेल्या चित्रावर जो फवारा मारतात तो मारून राख जागच्या जागी धरून ठेवली होती.

पहिला होता भाऊजींचा कामावरचा शर्ट. राखेनं भरलेला, फक्त छातीवर, खिशाच्या झाकणाखाली, एक पांढरा चौकोन. झाकण तिनं वर उचलून टाचलं होतं. त्या चौकोनाएवढाच शर्ट अजून नवा होता. दुसरी ताईची साडी. दोरीवर दुमडून टाकलेली, आता उलगडून लावलेली. अर्धी करडी, अर्धी तिच्या मूळच्या मोरपिशी रंगाची, आणि मधे दोरीची एक सरळ रेघ. कोणी न ओढलेली. मी बऱ्याच सह्या पाहिल्या आहेत. एवढी निःशंक रेघ क्वचित.

उरलेले नऊ कपडे मी एकेक करून पाहिले. टॉवेल, पलंगपोस, शाळेचा स्कर्ट. राख सुंदर बसलेली. काठाशी दाट, मधे विरळ, कुठे वर्तुळं, कुठे लाटा. आकार अगदी चोख. आणि नेमकी तिथेच माझी काउंटरवरची शंका जागी झाली. वाऱ्यानं आलेली राख अशी विचारपूर्वक बसत नाही.

"हे गच्चीवरचे नाहीत."

ती खाली बघू लागली. मग म्हणाली, "सुट्टी संपली नं मामाजी. दोन कपड्यांत भिंत भरत नव्हती. बाकीचे इथं येऊन मैद्याच्या चाळणीनं केले. कोणाले समजलं नाही आतापर्यंत."

दुसऱ्याची सही मारणारे मी पकडले आहेत. स्वतःचीच सही गिरवणारं माणूस बँकेत सहसा येत नाही. आलं तरी तो गुन्हा नाही. पण साडीतली ती रेघ ज्या पोरीला झटकू नये असं वाटलं, तिला चाळणी हातात घ्यायची गरजच काय होती? भिंत भरत नव्हती तर न भरती. अख्ख्या भिंतीवर दोनच कपडे लोंबत असते तर बघणारा आपण होऊन जवळ गेला असता. शिवाय कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरमधून वीज केंद्राची घरघर येत होती, तीही नको होती. आम्ही कोराडीत ती घरघर ऐकत नाही. बंद पडली तरच ऐकू येते. हे सगळं मी तिला तिथेच, तिच्या मैत्रिणींसमोर सांगितलं. तिला राग आला. पंधरा मिनिटांनी तिनं स्पीकरची वायर काढली. मग तिच्या स्टेटमेंटचे दीड पान आम्ही कँटीनमध्ये बसून कापत कापत आणलं ते एका ओळीवर: 'कोराडी, गच्ची, बावीस दिवस.' ही ओळ पहिल्या दोघांनाच लागू पडते, हे तिच्या लक्षात आलं. बाकीच्या नऊंचं काय करायचं ते तिचं तिनं ठरवावं, इतकं बोलून मी चहाचे पैसे दिले.

संध्याकाळी भाऊजींना फोन केला. म्हटलं, पाहिलं सगळं. अकरापैकी दोन.

"म्हणजे नापास नं भाऊ?"

मी म्हटलं, भाऊजी, त्या अख्ख्या इमारतीत ज्याला मी बिनशर्त पास करीन असं पाच-सहाच्या वर काही नव्हतं, आणि त्यातले दोन तुमच्या गच्चीवरचे आहेत. जाहिरातीची मुदत कधीपर्यंत आहे? ते म्हणाले, महिनाअखेर. फॉर्म भरू द्या तिला, अठ्ठाविसाला अजून अवकाश आहे; परीक्षेची फी मी भरतो. पण इथली खोली सोडायला लावू नका. दिवाळीपर्यंतचं भाडं धरा. तिला आणखी एक सुट्टी त्या गच्चीवर पाहिजे आहे, आणि या वेळी चाळणी घरात लपवून ठेवा. भाऊजी बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "शर्ट कसा दिसते?"

"खिशापाशी नवा आहे."

"थो खिसा मी कधी वापरतच नाही," ते म्हणाले. आणि फोन ताईकडे गेला.

ताईला गायतोंडे माहीत नाहीत, लिलाव माहीत नाही. तिनं एवढंच विचारलं, की ती मोरपिशी साडी पोरगी परत केव्हा आणणार, वैशाखात पुतणीचं लग्न आहे, आणि राख निघते ना? मी फोन भाचीला दिला.

"आई, थे धुवायची नाही आता," ती म्हणत होती. "नाही, कधीच नाही. अगं, दुसरी नेस नं."